कॅसेट, फोटो आणि रविवारची सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना गं?" या एका वाक्यावर आमच्या पुण्यातल्या सहकारनगरच्या सोसायटीत माझे कित्येक रविवार गेले. कोणाची कॅसेट अडकलेली, कोणाचा फोन फोटोंनी तुडुंब भरलेला, कोणाला आजींना आणि नातवाला एकाच दिवशी कुठे न्यावं ते सुचत नाही. प्रश्न फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. लोकांनी मला जिन्यात गाठलं, साधारण त्याच क्रमाने ती आहेत.

घरात दीडशे कॅसेट आहेत. सगळ्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या का?

अजिबात नको. कॅसेट जेवढा वेळ वाजते तेवढाच वेळ उतरायला लागतो. साठ मिनिटांची असेल तर पूर्ण तास, नव्वदची असेल तर दीड तास. दीडशे कॅसेटी म्हणजे पुढची दिवाळी येईल.

आधी दोन ढीग करा, विकत घेतलेल्यांचा आणि घरी भरलेल्यांचा. विकतची गाणी बहुतेक सगळी कुठे ना कुठे मिळतात, आणि तुमच्या चाळीस वर्षं घासलेल्या टेपपेक्षा चांगल्या आवाजात मिळतात. घरी भरलेल्या मात्र आजपासून घ्या: बारशाचा गोंधळ, मुंजीतल्या मंगलाष्टका, आजोबांचं भजन, कोणीतरी उगाच बटण दाबून ठेवल्यामुळे भरलं गेलेलं स्वयंपाकघरातलं भांडण. त्यांची दुसरी प्रत जगात नाही.

आणि हात लावण्याआधी एक करा. कॅसेटच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन चौकोनी कान असतात, ते मोडून टाका. मग तिच्यावर चुकूनही दुसरं काही भरलं जात नाही. आमच्याकडे ते कोणी मोडले नव्हते. माझ्या आजोबांची गौळण आहे, छान रंगलेली, दुसऱ्या कडव्यावर आलेली, आणि तिथेच खट्ट असा आवाज येऊन क्रिकेटची कॉमेंटरी सुरू होते. मामा तेव्हा नववीत होता. आता तो साठीला आलाय आणि अजूनही तो विषय निघाला की चहा करायला उठतो.

टेपरेकॉर्डर चालू आहे. कॉम्प्युटरला जोडायला काय लागेल?

टेपच्या मागे लाल-पांढऱ्या पिनांचं 'लाइन आउट' असेल तर तिथून, नसेल तर हेडफोनच्या भोकातून वायर घ्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, वायर सांगितली की दुकानदारच विचारतो, "कशाला कशाला जोडायचंय?" त्याला नीट सांगा, तो बरोबर देतो.

गडबड होते ती लॅपटॉपच्या बाजूला. हल्लीच्या लॅपटॉपला एकच भोक असतं आणि त्याची आत जाणारी बाजू माइकसाठी असते. टेपचा आवाज तिथे घातला तर तो फाटतो, आणि डावा-उजवा असा वेगळा न येता सगळा एकत्र येतो. म्हणून 'लाइन इन' असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्यायचं. प्रोग्रॅम म्हणून ऑडॅसिटी पुरतो, फुकट आहे. आवाजाची पट्टी सगळ्यात मोठ्या जागी उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील एवढीच ठेवा. लाल झाली की गेलं, फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

सुरू करण्याआधी टेपचं हेड कापसाच्या काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. काडीवर चॉकलेटी रंग आला की समजायचं, आवाज दबका का येत होता. टेप सैल झाली असेल तर पेन्सिल आहेच. षटकोनी घ्या, गोल पेन्सिल भोकात नुसती फिरते.

डब्ल्यूएव्ही, फ्लॅक, एमपीथ्री हे फाइलचे प्रकार. आवाज कशात ठेवू?

मूळ प्रत फ्लॅकमध्ये, वाटायची प्रत एमपीथ्रीमध्ये. घाई असेल तर एवढं पुरे.

घाई नसेल तर हिशेब बघा. सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हापासून एक माप ठरलेलं आहे: सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा. त्या मापाने डब्ल्यूएव्ही फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी होते, म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट ६०० एमबी. फ्लॅक तेच सगळं आवळून साधारण निम्म्यात बसवतं आणि उलगडलं की थेंबभरही कमी होत नाही. एमपीथ्री मात्र कानाला फारसं कळणार नाही ते टाकून देतं आणि टाकलेलं परत येत नाही. १२८ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटला, तीच कॅसेट ५८ एमबीत मावते, ३२० ला १४४ एमबीत.

फरक कळतो का? नुसत्या गळ्यावर सहसा कळत नाही. पण टाळ ऐका. भजनात टाळांचा गजर सुरू झाला की १२८ मध्ये त्याची झिंग जाते आणि पत्र्यावर वाळू पडल्यासारखं वाटायला लागतं. मैफलीनंतरच्या टाळ्यांचंही तसंच. मी घरच्यांना डोळे मिटायला लावून ऐकवलं. तंबोऱ्यावर सगळे चुकले, टाळांवर आईसुद्धा बरोबर ओळखत होती.

खरखर काढता येईल का?

येते, पण हात आखडता ठेवा. टेपवरची नुसती खरखर असलेली दोन-तीन सेकंदं प्रोग्रॅमला दाखवायची, म्हणजे तो तशीच खरखर सगळीकडून कमी करतो. जास्त खेचलं की माणूस विहिरीतून बोलल्यासारखा येतो. खरखरीचं काय, कान दोन मिनिटांत तिला सरावतात. मूळ फाइल मात्र हात न लावता वेगळी ठेवा.

गाणी उतरवली. आता कॉम्प्युटरवर 'ट्रॅक ०१'पासून 'ट्रॅक ४०'पर्यंत नुसती रांग आहे. नावं घालणं खरंच गरजेचं आहे का?

इथे मी आडमुठी आहे: नाव न घातलेली फाइल म्हणजे हरवलेली फाइल. आज तुम्हाला आवाज ओळखू येतो, मुलांना येणार नाही.

ही अडचण काही आपलीच नाही. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांची गाणी ध्वनिमुद्रित झाली, तेव्हा गाणं संपताना त्या स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला कोण गातंय ते कसं कळावं? म्हणून नाव गाण्यातच. एमपीथ्री फाइलच्या पोटात जे नावाचं चिठोरं असतं, ज्याला टॅग म्हणतात, ते हेच काम करतं. फाइलचं नाव बदललं, ती दुसऱ्या फोनवर गेली, तरी चिठोरं सोबत जातं.

एमपीथ्रीटॅग नावाच्या प्रोग्रॅममध्ये शंभर फाइलींची चिठोरी एकदम भरता येतात. लिपी एकच ठेवा. गायकाचं नाव एकदा देवनागरीत, एकदा रोमनमध्ये, एकदा 'पं.' लावून आणि एकदा न लावता लिहिलंत, तर कॉम्प्युटरच्या लेखी ते चार गायक होतात. घरच्या रेकॉर्डिंगला मी गायकाच्या जागी नातं न घालता पूर्ण नाव घालते. 'आजोबा' लिहून काय उपयोग? कोणाचे आजोबा?

गाडीत पेन ड्राइव्ह लावला की गाणी वाटेल त्या क्रमाने लागतात आणि मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात.

चौकोन दिसतात कारण त्या स्टिरिओत देवनागरी अक्षरंच भरलेली नाहीत. गाडीसाठी वेगळी प्रत करून तिच्यात रोमन नावं ठेवा. क्रमासाठी फाइलच्या नावाआधी आकडे घाला, पण शून्यासकट. नुसते १, २ घातले तर १ नंतर १० लागतं. तरीही क्रम बिघडला तर पेन ड्राइव्ह कोरा करून गाणी एकेक करून क्रमाने भरा. काही स्टिरिओ ज्या क्रमाने फाइली भरल्या त्याच क्रमाने वाजवतात. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा, आणि जुन्या स्टिरिओला फ्लॅक चालत नाही.

ॲपवर सगळी गाणी असताना हा उपद्व्याप कशाला?

ॲप मीही वापरते, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण ॲपमधलं 'डाउनलोड' म्हणजे फाइल तुमची झाली असं नव्हे. वर्गणी थांबली की ती वाजत नाही, आणि कंपन्यांचे आपसातले करार संपले की आवडत्या यादीतलं गाणं एक दिवस करडं पडतं. आजोबांचं भजन तर कुठल्याच ॲपवर नाही.

नवं काही सापडायला मात्र ॲपसारखं साधन नाही. मी एखादी बंदिश ऐकली की तिचे पहिले दोन शब्द आणि रागाचं नाव घालून शोधते. तीच चीज चार घराण्यांची माणसं कशी गातात ते एका संध्याकाळी ऐकता येतं, जे पूर्वी सवाई गंधर्व महोत्सवाला दहा वर्षं जाऊन जमलं असतं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत, त्यामुळे तेव्हाच्या गायकांनी अख्खा राग तीन मिनिटांत मांडलाय. ज्यांना ख्याल लांब वाटतो त्यांनी तिथून सुरुवात करावी.

लेकाने माझ्या फोनवर आठवडाभर बडबडगीतं लावली. आता मला तीच सुचवतात.

त्याला वेगळं प्रोफाइल काढून द्या. झालेलं धुऊन काढायला दोन आठवडे तुम्हीच तुमची गाणी लावत राहा.

कॅसेटवरून घेतलेली विकतची गाणी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली तर चालेल?

स्वतःसाठी प्रत करणं वेगळं, वाटणं वेगळं. आपल्याकडच्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो, आणि गीतकार-संगीतकारांचा हक्क त्याहून वेगळा, त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत. घरची रेकॉर्डिंग खुशाल वाटा. ज्यांचा आवाज आहे त्यांना मात्र विचारा; आमच्या एका काकूंना त्यांचं तरुणपणचं नाट्यगीत ग्रुपवर आलेलं अजिबात आवडलं नव्हतं.

फोनमध्ये चाळीस हजार फोटो आहेत. सुरुवात कुठून करू?

जुन्यापासून करू नका. सगळे तिथेच अडकतात, कारण जुना फोटो दिसला की माणूस आवरायचं सोडून बघतच बसतो. आजपासून पुढचे नीट ठेवा आणि मागचे रोज दहा मिनिटं.

पहिला हात व्हॉट्सॲपच्या फोल्डरवर मारा. फुलं, सूर्योदय, सुविचार, वरच्या मजल्यावरच्या काकांनी पाठवलेले आठ सेकंदांचे व्हिडिओ. माझ्या फोनमधला निम्मा कचरा तिथेच निघाला. मग स्क्रीनशॉट. मग एकाच क्षणाचे सात फोटो. त्यातला एक ठेवायचा, ज्यात सगळ्यात जास्त डोळे उघडे आहेत तो.

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंच्या तारखा चुकीच्या का असतात?

कॅमेरा फोटोच्या पोटात कधी काढला, कुठे काढला, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ते लिहून ठेवतो. त्याला एक्झिफ म्हणतात. नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप ही माहिती काढून टाकतं आणि फोटोही दाबून लहान करतं. फाइलच्या नावात जी तारीख दिसते, 'आयएमजी-२०१९०४१२-डब्ल्यूए०००३' अशी, ती फोटो काढल्याची नसते, पाठवल्या-मिळाल्याची असते. म्हणून मावशींनी २०१९ मध्ये पाठवलेलं १९८५ चं लग्न तुमच्या फोनमध्ये २०१९ मध्ये लागतं.

मूळ फोटो हवा असेल तर पाठवणाऱ्याला सांगा, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. तसा पाठवला की आहे तसा येतो. अर्थात ठिकाणही त्यासोबत येतं, तेव्हा घरी काढलेला फोटो परक्या माणसाला तसा पाठवू नका.

गूगल फोटोजमधून फोटो काढला तर फोनमध्ये राहतो ना?

नाही! या एका प्रश्नावर आमच्या बिल्डिंगमध्ये रडारड झालेली आहे. बॅकअप झालेला फोटो ॲपमधून डिलीट केला की फोनमधूनही जातो आणि वरूनही, म्हणजे गूगलच्या साठ्यातूनही, जातो. कचरापेटीत ६० दिवस असतो, तोवर परत आणता येतो. फोनमधली जागाच हवी असेल तर 'जागा मोकळी करा' हा वेगळा पर्याय आहे. तो फक्त फोनमधली प्रत काढतो, वरची ठेवतो. १५ जीबीची फुकट जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून आहे. १ जून २०२१ च्या आधी 'हाय क्वालिटी'चे फोटो त्यात मोजत नसत, आता मोजतात.

जुन्या अल्बममधले फोटो स्कॅन कसे करावेत?

पोस्टकार्ड आकाराचा, म्हणजे चार बाय सहा इंची फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) केला की २४०० बाय ३६०० ठिपके मिळतात. घरच्या कामाला ते भरपूर झालं. स्कॅनर नसेल तर सकाळी खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी फोटो सपाट ठेवून फोनने काढा. ट्यूबलाइटखाली काढलात तर आजोबांच्या कपाळावर पांढरी पट्टी येते.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका, दात साफ करायचा दोरा फोटोमागून करवतीसारखा हलके सरकवा. आणि प्रत्येक फोटोची मागची बाजूही टिपा. स्टुडिओचा शिक्का, शाईने लिहिलेली तारीख, 'चि. सौ. कां.' असं काहीतरी मागेच असतं. स्वतः मागे लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनने लिहिलं की पुढून नाकावर वळ उठतो.

फोटो कधीचा आणि त्यात कोण, हे कसं ओळखायचं?

हे खरं काम. बाकीचं सगळं मशीन करतं.

आईच्या माहेरचा एक कृष्णधवल फोटो आहे. पेशवे पार्कातली फुलराणी ही छोटी आगगाडी, दुसऱ्या डब्यात फ्रॉक घातलेली आई, शेजारी मोठ्या मावशी दोन वेण्यांत, आणि डब्याच्या दांडीला धरून उभे असलेले काळी टोपी घातलेले एक गृहस्थ. मागे काहीच लिहिलेलं नाही. पण फुलराणी सुरू झाली १९५६ साली, त्याआधीचा तर नाही. आणि मावशी म्हणाल्या, "हा पानशेतच्या आधीचा." पुण्यातल्या त्या पिढीचं काळ मोजायचं मापच ते. पानशेतच्या आधी की नंतर? १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, खडकवासलाही गेलं, आणि नारायण पेठेतल्या आईच्या घरात पाणी शिरलं. तो फ्रॉक त्या पाण्यात गेला, त्यामुळे मावशींना पक्कं आठवतं. आई त्यात पाचेक वर्षांची दिसते, तिचा जन्म १९५५ चा. म्हणजे साधारण १९६०. चार प्रश्न विचारल्यावर साल निघालं.

अशा खुणा सगळ्या घरांत असतात. पेशवे पार्कात वाघाचा पिंजरा दिसत असेल तर फोटो २००५ च्या आधीचा असणार, कारण तोवर सगळे प्राणी कात्रजला गेले. कोपऱ्यातल्या नारिंगी आकड्यांवर मात्र विश्वास नको. कॅमेऱ्याचा सेल बदलला की घड्याळ मूळ पदावर यायचं आणि नीट लावायचा कंटाळा सगळ्यांनाच.

म्हाताऱ्या माणसांना विचारताना फोनवर रेकॉर्डर चालू ठेवा, त्यांना सांगून. "हे कोण?" असं विचारलं की एक नाव मिळतं. "त्या दिवशी काय झालं होतं?" असं विचारलं की वीस मिनिटं मिळतात. मावशींना मी एका दुपारी अकरा फोटो दाखवले, त्यातल्या तिनावरच संध्याकाळ झाली. ती ध्वनिफीत आता त्याच फोल्डरमध्ये, फोटोंच्या शेजारी आहे.

चेहरे ओळखणारी ॲप्स मदत करतात, पण आमच्याकडे ते आई आणि मावशींना एकच माणूस समजतं. मावशींना त्याचा आनंद झाला, आईला नाही.

बॅकअप किती ठिकाणी ठेवावा?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. फोटोग्राफर लोक हा नियम पाळतात.

घराबाहेर का, ते तो फुलराणीचा फोटोच सांगतो. नारायण पेठेतल्या घरातला ट्रंकभर ऐवज पुरात चिखल झाला. हा वाचला, कारण त्याची एक प्रत साताऱ्याला आईच्या आत्यांकडे पाठवलेली होती. माझी एक हार्ड डिस्क आजही साताऱ्याला असते. दिवाळीत जाते तेव्हा बदलून आणते. घरी भरलेल्या सीडी-डीव्हीडींवर काही ठेवलं असेल तर या महिन्यातच उतरवून घ्या, त्यांच्यावरचा रंगाचा थर कालांतराने उडतो.

आजी ऐंशीच्या, नातू सहा वर्षांचा. दोघांना एकत्र कुठे न्यावं?

मेट्रोने मंडई, तिथून चालत किंवा रिक्षाने बाजीराव रस्त्यावरचं केळकर संग्रहालय. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाला आणि आमच्या भागाची सोय झाली. नातवाला जमिनीखालची गाडी हवी असते, आजींना बसायला जागा. संग्रहालयात दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यं असं सगळं आहे. आजी "हे आमच्याकडे होतं" म्हणत पुढे सरकतात आणि नातू पहिल्यांदाच त्यांच्याकडे कुतूहलाने बघतो. दिनकर केळकरांनी हा सगळा संसार लहानपणी गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या आठवणीसाठी जमवला.

कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. गेटपर्यंत जाऊन परत आलेली तीन कुटुंबं मला माहीत आहेत, त्यातलं एक माझं.

सिंहगड?

रविवारी नको. रविवारीच जमत असेल तर उजाडायला पायथ्याशी पोहोचा. नऊनंतर घाटात गाड्यांच्या रांगेत बसून पोरं पेंगतात. वर गेल्यावर पिठलं-भाकरी, ठेचा, मडक्यातलं दही, हे ठरलेलंच. कुठे खावं यावर मी मत देणार नाही, घरात भांडणं होतात.

गर्दी नको, गाडी चालवायची नाही, तरी काहीतरी बघायचं आहे.

भाजे. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा, लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन. तिथून चालत गाव आणि मग पायऱ्या. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या या लेणी, एकूण २२. चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या अजून टिकून आहेत. बहुतेक लोक तिथे फोटो काढून परत फिरतात. तुम्ही टोकाच्या विहारापर्यंत जा. तिथे ओसरीत रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं आहेत, आणि तिथेच एक नाचणारी स्त्री आणि तिच्याजवळ दोन तालवाद्यं पुढ्यात घेऊन वाजवणारी दुसरी. माझा भाचा तबला शिकतो. तो बराच वेळ तिच्या हातांकडे बघत होता, मग म्हणाला, "हिचा डावा हात चुकलाय." मी काही बोलले नाही.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा. सकाळचं तिरपं ऊन दगडावर फ्लॅशपेक्षा कितीतरी चांगलं काम करतं. परतीच्या लोकलची वेळ आधी बघा, दुपारी मोठा खंड पडतो.

शाळकरी मुलांसाठी जरा वेगळं?

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला जा. तिथली ती महाकाय रेडिओ दुर्बीण तेव्हा लोकांना बघता येते. एकूण ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. मुलांना सांगा की ही दुर्बीण बघत नाही, ऐकते. हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी बघायला जाणार असाल तर पहाटे पोहोचा, दुर्बीण घ्या, आणि फोनने झूम करून काढलेल्या गुलाबी ठिपक्यांना नंतर "हे रोहित" असं म्हणायची तयारी ठेवा.

सहलीहून आल्यावर दोनशे फोटो असतात. पुढे काय?

त्याच रात्री, झोपण्याआधी, बारा निवडायचे. फोल्डरचं नाव '२०२५-०१-१९ भाजे, भाच्यासोबत' असं. साल आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे रांग आपोआप लागते. बारांतल्या प्रत्येकात कोण आहे ते लिहायचं. ठेवून दिलं की ते दोनशेच्या दोनशे राहतात आणि कोणीच बघत नाही. लेण्यांत किंवा घाटात फोनला ठिकाण नीट लागत नाही, तेही तेव्हाच हाताने घाला.

आणि दर सहलीत एक मिनिटभर नुसता आवाज भरून घ्या. लोकलची खडखड, पावसाळ्यातला ओढा, "अजून किती चालायचंय?" असं विचारणाऱ्या आजी. फोटो शंभर असतात, असा आवाज एकही नसतो.

गडावर ब्लूटूथ स्पीकर नेला तर?

नेऊ नका. तुमच्या गाण्यांची निवड चांगली असेलही, दरीतल्या माणसांना ती कळवायची गरज नाही.

फुलराणीच्या फोटोतले ते टोपीवाले कोण, लागला का पत्ता?

हे विचारणारे तुम्ही सोसायटीतले सातवे. नाही लागला. मावशींच्या मते ते शेजारच्या वाड्यातले घड्याळजी, आई म्हणते पार्कातलेच कोणी असतील, पडू नये म्हणून दांडी धरून उभे राहिलेले. मामाने चहा करायला उठता उठता सांगितलं की ते आजोबांचे ऑफिसातले साहेब, पण तो तेव्हा जन्मलाही नव्हता. फाइलीच्या नावात तूर्त 'काळी टोपी, बहुधा घड्याळजी' असं घातलंय. साताऱ्याच्या आत्यांच्या सुनेकडे अजून एक पेटी आहे म्हणतात, दिवाळीत डिस्क बदलायला जाईन तेव्हा उघडून बघते.